तारेबाहेरचा दगड

दगड चिरंतन असतो. राज्ये उठतात आणि बसतात, भाषा बदलतात, नद्या पात्र सोडतात. पण माणसाने माणसाच्या आठवणीसाठी उभा केलेला दगड काळाच्या पुरात जागचा हलत नाही. चामोर्शीच्या पुढे रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडणाऱ्या बायकांना हे कुणी सांगितलेले दिसले नाही. त्यांच्यापुढे जो ढीग होता, त्यात तीन शिळावर्तुळे होती.

शिळावर्तुळ म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण जाण्यापूर्वी मलाही ते नीट ठाऊक नव्हते. मोठाल्या दगडांचे एक कडे. कड्याच्या आत गोट्यांची आणि मुरमाची रास. राशीच्या पोटात चार बाजूंना चार फरश्या उभ्या करून वर एक आडवी टाकून केलेली खोली, आणि खोलीत एक मेलेला माणूस, आपल्या भांड्याकुंड्यांसह. लोखंड माणसाच्या हाती नवे होते त्या काळातली ही कामे. वैनगंगेच्या पलीकडे रानात ती ठिकठिकाणी आहेत. कोसमटोला नावाच्या गोंड वस्तीजवळ चार होती. त्यांतले एक उकरून सरकारने आतला माणूस बाहेर काढला. ते पाहायला नागपूरहून माननीय मंत्री येणार, म्हणून रस्ता हवा; रस्त्याला खडी हवी; म्हणून उरलेली तीन फोडली. हा आरोप मी करीत नाही. रस्त्याच्या ठेकेदाराने मला हे स्वतः सांगितले, आणि सांगताना त्याची छाती फुगली होती. "दगड जवळच मिळाला, म्हणून काम वेळेत झालं," असे तो म्हणाला.

चांदा

राज्यपुनर्रचनेच्या आधीचा हिवाळा होता. एका मासिकाला काहीतरी लिहून देण्याचे मी कबूल केले होते, आणि त्याच सुमारास ही आमंत्रणपत्रिका हाती पडली. 'प्रागैतिहासिक दफनस्थळाचे उद्घाटन' असे तीत छापले होते. ज्या घरात एक जण हजारो वर्षांपूर्वीच राहायला गेला आहे, त्या घराचे उद्घाटन कसे करतात हे पाहण्याची मला उत्सुकता होती. चांद्याला उतरलो तेव्हा परकोटाच्या दरवाजावर स्वागताची कमान लागली होती. ज्या कचेरीत कोसमटोल्याची वाट विचारायला गेलो तिथे ते गाव कुणालाच ठाऊक नव्हते. मात्र माननीयांना चहात साखर किती लागते याविषयी दोन मते होती आणि दोन्ही बाजूंना पुरावे होते.

व्याहाडचा घाट

मूल आणि सावली मागे टाकून वैनगंगेशी पोचलो. पाणी उतरले होते. अर्धे पात्र वाळूचे, अर्धे निळे. वाळूत एक लॉरी चाकांपर्यंत रुतून बसली होती. तिच्यात मंडपाचे कापड, खुर्च्या आणि चांद्याहून घडवून आणलेली संगमरवरी कोनशिला होती. लॉरीखाली ड्रायव्हर आणि क्लीनर शांतपणे झोपले होते.

पलीकडे नेणाऱ्या डोंग्याचा ढिवर नावाडी जेवायला बसला होता. त्याच्या बायकोने मला नाव विचारले नाही, गाव विचारले नाही. पळसाचे पान पुढे टाकून भात, लाखोळीच्या डाळीचे वरण आणि तिखटात परतलेले झिंगे वाढले. आमच्या नागपुरात पाहुण्याला पाणी देण्याआधी त्याचे आडनाव, मूळ गाव आणि नातेवाईक काढून घेतात. झिंगे तिखट होते. माझ्या डोळ्यांतून पाणी आले तेव्हा ती म्हणाली, "रडता काऊन जी? अजून तं आहेत."

"आणि ती लॉरी?" मी विचारले.

"ते रुतली तं रुतली," ढिवर म्हणाला. "परवा सांगतलं व्हतं त्याले, इथून नोको टाकू. तं म्हने, माननीयाची गाडी हाये. वाळूले काय माहीत माननीय कोन?"

कोसमटोल्याच्या वाटेवर

चामोर्शीहून पुढे नामाभाऊंच्या रेंगीत बसलो. रेंगी म्हणजे दोघांपुरती हलकी बैलगाडी. तिच्यात बसल्यावर आपल्याला किती हाडे आहेत हे कळते. नामाभाऊ धानाचे शेतकरी, बोलायला मोकळे. नव्या खडीवर बैल अडखळू लागले तसा मी विचारले, "हे दगड कुठचे, भाऊ?"

"तिथलेच जी. मेल्या मान्साचे. आमचा बाप गाडीचं चाक मोडलं तरी तिथचा गोटा उचलत नव्हता. म्हने, धरते."

"आणि आता?"

"आता सरकारनंच उचलले. सरकारले कोन्तं भूत धरते?"

"धरलंच तर?"

नामाभाऊंनी विचार केला. "तर बदली होईन त्याची," ते म्हणाले आणि बैलांना हाकारले.

सागाची पाने गळायला लागली होती. मोहाच्या झाडाखाली जमीन झाडून ठेवावी तशी स्वच्छ. मग एकाएकी मोकळी जागा, आणि तिच्यात काटेरी तार. तारेच्या आत ते शिळावर्तुळ, त्याच्या शेजारी रांगेने उभे केलेले उंच अनघड दगड, आणि एक सरकारी फलक: हद्दीत शिरणाऱ्यावर, काही हलवणाऱ्यावर किंवा काही नवे घालणाऱ्यावर कारवाई होईल. तारेबाहेर गवतात एक लांबलचक दगड आडवा पडला होता. त्याच्याजवळ एक बाई बसली होती.

तंबू

उत्खननाच्या अधिकाऱ्याला वस्तीतले लोक 'खोदेसाहेब' म्हणत. तरुण माणूस, हुशार, दिवसभर उन्हात राबणारा. त्याच्याबद्दल माझी तक्रार त्याच्या नोकरीपासून सुरू होते. त्याने मला तंबूत नेऊन मेजावर मांडलेल्या वस्तू दाखवल्या. आतून काळे आणि बाहेरून तांबडे वाडगे, इतके पातळ की नखाने वाजवावे तर खणखणत. तांब्याची बांगडी. लाल अकीकाचे मणी. लोखंडाची कुऱ्हाड, गंजून पोळीसारखी फुगलेली, पण आकार अगदी आज वस्तीतल्या प्रत्येक खांद्यावर दिसणाऱ्या टंग्याचा. आणि साबणाच्या खोक्यात कापसावर ठेवलेली हाडे. खोक्यावर चिठ्ठी होती: 'मनुष्य, प्रौढ, अपूर्ण.' हे वर्णन माझ्या ओळखीच्या बहुतेकांना लागू पडते, पण त्यांना कुणी खोक्यात घालत नाही.

मणी नव्या रेशमी दोऱ्यात ओवलेले पाहून मी कारण विचारले.

"माननीयांच्या सौभाग्यवती येणार आहेत. गळ्यात घालून एक फोटो. फोटोपुरतंच."

"मेलेल्याचा दागिना?"

"अहो, तीन हजार वर्षं झाली!" तो हसला. म्हणजे सुतक फिटायला सरकारी मुदत तीन हजार वर्षे आहे, हे मला त्या दिवशी कळले.

मग त्याने मला ती खोली दाखवली. छताची फरशी पहारीने फोडून बाजूला टाकलेली होती आणि एका बाजूने खाली उतरायला मातीच्या पायऱ्या केल्या होत्या. फरशी जागेवर ठेवून आत पाहता आले असते, पण त्यासाठी माननीयांना वाकावे लागले असते. ज्यांनी ती फरशी रानातून ओढत आणून वर चढवली त्यांच्याजवळ दोर आणि दंड यांशिवाय काही नव्हते. ती इतकी वर्षे तशीच राहिली, आणि एका माणसाच्या कमरेला त्रास नको म्हणून तिचे दोन तुकडे झाले. मला इतका राग आला की मी टोपी काढून पुन्हा घातली. याहून मोठा निषेध मला त्या जागी सुचला नाही.

तारेपाशी

बाहेरच्या बाईचे नाव मैनाबाई. तिच्याजवळ वस्तीचा भूम्या, म्हणजे गावदेवांचे करणारा म्हातारा बिरसू, उकिडवा बसला होता. दोघे माझ्याशी झाडीतल्या मराठीत बोलले, आपसात गोंडीत.

"हा कोणाचा दगड, बाई?"

"माह्या नवऱ्याचा. कारूचा," ती म्हणाली. "मागच्या हिवाळ्यात तापानं गेला. इथी उभा करा लागते, त्याच्या बापाजवळ. डोंगरातून आनला, अन् आनला तं तार."

गोष्ट अशी. गोंडांत माणूस मेला की त्याच्या नावाचा दगड पूर्वजांच्या रांगेत उभा करतात. तो उभा होईपर्यंत मेलेला घरात येत-जात राहतो, आणि अशा घरातून मुलीला हळद लावत नाहीत. मैनाबाईच्या मुलीचे लग्न ठरले होते. मुलाकडचे एक वर्ष थांबले. या उन्हाळ्याच्या पुढे थांबणार नाहीत असा त्यांचा निरोप आला होता. मागे एकदा मैनाबाईने सोयऱ्यांना बोलावले, डुक्कर कापले, आणि चौकीदाराने सगळ्यांना तारेपासून परत पाठवले. जेवण झाले, दगड राहिला.

आमच्याकडे तेराव्याला जेवणे उरकली की मेलेल्याचा फोटो भिंतीवर जातो, आणि त्याचा हार पुढच्या दिवाळीला झटकतात. त्या मानाने हे लोक मेलेल्याची बरीच काळजी घेतात असे मला वाटले.

बिरसूची चौकशी निराळी होती. टोपीवाला शिकलेला माणूस म्हणून तो मला मास्तरच म्हणू लागला होता. "मास्तर, साहेबानं त्या मान्साचा टंग्या काढला म्हनते. खरं हाये?"

"खरं आहे."

"मंग तिथी तो लाकडं कायनं तोडीन?"

वाचलेल्या पुस्तकांपैकी एकही तेव्हा उपयोगी पडले नाही. मी रांगेतल्या उभ्या दगडांकडे पाहिले. प्रत्येकावर खोदेसाहेबांनी चुन्याने क्रमांक टाकले होते. "हे सगळे जुने?" मी विचारले.

"कायचे जुने?" मैनाबाई म्हणाली. "तो शेवटचा माह्या सासरा. पोरगी रांगत व्हती तवा उभा केला."

खोदेसाहेबांच्या टिपणात हाच सासरा 'प्रागैतिहासिक स्मारकशिला' होता. त्यांना हे सांगावे म्हणून मी तंबूकडे निघालो, आणि अर्ध्या वाटेत शहाणपण सुचले. आधी दुसरे विचारले. "त्या बाईचा एक दगड आत उभा करू द्या. एवढी रांग आहेच."

"अशक्य," ते म्हणाले. "संरक्षित हद्दीत नवीन काही चालत नाही. उद्या त्या रांगेतला एखादा अलीकडचा निघाला तर तोही मला उपटून बाहेर टाकावा लागेल. नियम आहे."

मग मी सासऱ्याविषयी काही बोललो नाही. खोटे बोलणे आणि गप्प बसणे यांतला फरक मी आयुष्यभर लोकांना समजावत आलो आहे. तो तिथे फार पातळ झाला. पण रागही खरा होता. ज्या सरकारने तीन वर्तुळांची खडी केली, तेच सरकार आता चौथ्याचे रक्षण एका विधवेपासून करीत होते. फोडायला परवानगी लागत नाही, उभे करायला लागते.

समारंभ

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडप उभा राहिला तो वस्तीतल्या बांबूंचा, कारण लॉरी वैनगंगेतच होती. कापड नव्हते, खुर्च्या नव्हत्या. त्यांची सोय चामोर्शीच्या शाळेतून झाली. कोनशिलेची सोय होईना. कोनशिलेवाचून उद्घाटन म्हणजे नवरदेवावाचून वरात, आणि माननीय वाटेत होते. खोदेसाहेब तारेभोवती फेऱ्या घालत होते. फिरता फिरता ते गवतातल्या त्या लांब दगडापाशी थांबले. त्यांचा चेहरा उजळला. कालची माझी विनंती आणि कालचा नियम दोन्ही ते विसरले होते.

"हा कुणाचा?"

"माह्या नवऱ्याचा जी," मैनाबाई उठून म्हणाली.

"काय घेशील याचं?"

"इकाचा नाई. उभा करा."

"उभाच करायचा आहे! आत, त्या रांगेच्या टोकाला. माननीयांच्या हातानं."

मैनाबाईने बिरसूकडे पाहिले. बिरसू मला बाजूला घेऊन गेला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, चिंता होती. आणि ती चिंता काय हे ऐकून मला कळले की त्या मैदानावर नियमाची खरी चाड असलेला तो एकटाच होता. दगड उभा करताना त्याला हात घरच्या माणसाने लावायचा नसतो, सोयऱ्याने लावायचा. गोंडांची कुळे देवांच्या संख्येवरून ओळखतात: चार देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे. ज्यांचे देव सारखे ते भाऊ, त्यांच्यात सोयरीक नाही. कारू सात देवांचा.

"मास्तर," बिरसू हलक्या आवाजात म्हणाला, "हे जे माननीय येऊन राह्यले, त्याइचे देव किती?"

मी प्रामाणिकपणे आठवून पाहिले. "तेहतीस कोटी, असं ते म्हणतात."

बिरसूने बोटांवर काहीतरी मोजले. त्याने मैनाबाईच्या भावाला बोलावले, दोघे गोंडीत बोलले, मग तो माझ्याकडे वळला.

"म्हंजे सात नाई."

"सात नाही."

"मंग जमते. सोयरा."

दगड ओढायला मैनाबाईच्या माहेरची माणसे लागली. खोदेसाहेबांनी याला 'उत्स्फूर्त श्रमदान' म्हटले आणि चौकीदाराकडून तार उचलून धरवली. मुलाकडचे दोन म्हातारेही निरोप मिळताच येऊन झाडाखाली बसले होते. त्यांना खात्री करून घ्यायची होती. चामोर्शीच्या एका दुकानदाराने दगडावर तैलरंगाने माननीयांचे नाव आणि 'शुभहस्ते' हा शब्द काढला. काय लिहिले आहे असे मैनाबाईने मला विचारले. हा दगड कोणाच्या हाताने उभा झाला ते लिहिले आहे, असे मी सांगितले. "हे बरं केलं," ती म्हणाली. "पुढच्याइले माहीत पडते."

माननीय आले. सौभाग्यवती आल्या नाहीत, त्यामुळे मणी मेजावरच राहिले. त्या दिवशीचे मेलेल्याच्या नशिबातले एवढेच बरे. हार झाले. मग दगडाचे बूड खड्ड्यात सरकले, दोर ताणले गेले, आणि माननीयांनी पुढे होऊन उजवा तळहात त्याच्यावर ठेवला. दगड उभा राहिला. ढोल सुरू झाले. बिरसूने बुडाशी मोहाच्या दारूची धार धरली, तिचे शिंतोडे माननीयांच्या बुटांवर उडाले. मैनाबाईने दगडाला हळद लावली, नवे धोतर गुंडाळले, त्याच्या पायाशी भात ठेवला, आणि दगडाला मिठी मारून मोठ्याने रडू लागली. तिच्यामागून वस्तीतल्या सगळ्या बायका. तिची मुलगी रडली, भाऊ रडला.

माननीय गहिवरले. "किती भावनाप्रधान जनता," ते खोदेसाहेबांच्या कानात म्हणाले, ते मला ऐकू आले. मग त्यांनी भाषण केले. या भूमीवर एकेकाळी नांदून गेलेल्या, आज नामशेष झालेल्या त्या अज्ञात मानवांना त्यांनी अभिवादन केले. खोलीतला माणूस समोर बसलेल्यांचा कोण लागत होता, की कोणीच नव्हता, हे मला माहीत नाही आणि विज्ञानालाही नाही. पण समोरच्यांपैकी कुणाला विचारावे असे एकालाही वाटले नाही. त्याला साबणाच्या खोक्यासकट नागपूरला नेणार असल्याचे जाहीर झाले तेव्हा टाळ्या वाजल्या. त्या सरकारी माणसांच्या होत्या. वस्तीतली माणसे बिरसूकडे पाहत होती, आणि बिरसू खाली पाहत होता. माझे नाव वक्त्यांच्या यादीत नव्हते, हे त्या समारंभाचे सुदैव.

माननीय खोलीपाशी गेले, पायऱ्या न उतरता वरूनच डोकावले, "छान" म्हणाले, आणि उन्हे चढायच्या आत मोटारीत बसले.

सोयऱ्याचा वाटा

मुलाकडचे म्हातारे दगडाभोवती एक फेरी मारून आले आणि त्यांनी मैनाबाईला मान हलवून होकार दिला. वैशाखात लग्न ठरले. डुक्कर कापले होते. भाताच्या हंड्या उतरल्या. जेवणापूर्वी बिरसूने एका पानावर मोठा वाटा काढला, दुसऱ्या पानाने झाकला आणि नव्या दगडाकडे तोंड करून ठेवला. दगड ज्याच्या हाताने उभा होतो त्या सोयऱ्याचा तो वाटा. तो त्याने तिथेच बसून खायचा असतो.

"गेला काऊन पन तो?" मैनाबाईच्या भावाने विचारले.

"काम असन," बिरसू म्हणाला.

"सोयरा जेवल्याबिगर जाते का कुठी?"

"मोठ्या घरचा हाये. शिकवलं नसन."

सगळे जेवले. झाकलेले पान तसेच होते. उन्हे कलली. घरच्यांनी तो वाटा खायचा नसतो आणि फेकायचा तर मुळीच नाही. तो राहिला तर दगड अर्धाच लागला असे धरतात. मुलाकडचे म्हातारे त्या पानाकडे वरचेवर पाहू लागले होते. शेवटी बिरसू माझ्यापाशी आला.

"मास्तर, तुमी त्याच्याच गावचे नं?"

"नागपूरचा."

"मंग बसा."

मी बसलो. मांस गार झाले होते आणि मीठ जरा कमी पडले होते.